पाटीशेजारचं फडकं

भिंगारच्या शलमोनमामांच्या उजव्या पायाविषयी जे सांगतात, त्यातलं निम्मं तरी खरं धरावं. एकदा त्यांनी मारलेला बॉल वर गेला, तो सामना संपला तरी उतरला नाही. तिसऱ्या दिवशी खर्ड्याच्या किल्ल्यात सापडला, आणि तोही अजून ऊन होता.

बहात्तरच्या उन्हाळ्यात त्यांचा भाचा शांतवन टीमचा कॅप्टन होता. मामा पंचावन्न पार करूनही मागं डावीकडं उभे राहायचे. टीमचा रिवाज त्यांनीच घातलेला. कोण कुठं खेळणार ते पाटीवर खडूनं लिहायचं, पाटी कडुलिंबाला टांगायची आणि सगळ्यांनी प्रार्थना करायची. देवापुढं लिहिलेलं मग सामना संपेपर्यंत पुसायचं नाही. वीस वर्षांत कुणी पुसलं नव्हतं.

पलटणीच्या टीमशी फायनल होती. अर्ध्या तासातच डावीकडून गोल बसला. बॉल मामांपासून हातभर अंतरावरून गेला आणि मामांनी मान वळवली ती बॉल गेल्यावर. दुसऱ्यांदाही तसंच झालं, गोल तेवढा थोडक्यात हुकला. शांतवनच्या ध्यानात आलं. मामांना डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं.

मामा लष्कराच्या वर्कशॉपात ट्रक चालवायचे, आणि तिथले साहेब मैदानाच्या कडेलाच खुर्च्या टाकून बसले होते. मामांना उजवीकडं हलवलं तर सामना सावरला असता. पण त्यासाठी पाटी पुसावी लागणार, आणि ती का पुसली हे अख्खं भिंगार विचारणार. पेन्शनीला दोन वर्षं उरली होती.

हाफटाइमला सगळे म्हणाले, कॅप्टन, काहीतरी बदला. शांतवन पाटीपाशी जाऊन उभा राहिला आणि तसाच परतला. खेळ सुरू झाला तसा तो मांडी धरून लंगडू लागला. पुढं पळवत नाही म्हणत मागं आला आणि मामांच्या डाव्या हाताला चिकटून राहिला. मग त्या बाजूनं चिमणीसुद्धा गेली नाही. पण गोल करणारा तोच एकटा. भिंगार एक-शून्यानं हरलं.

शेंगा विकणाऱ्या मरियाबाईंनी टोपलीमागूनच विचारलं, "कॅप्टनसाहेब, टेकायला बाज आणू का?"

सगळी कड हसली. कुणी भित्रा म्हणालं. शांतवन मांडी चोळत राहिला.

माणसं पांगल्यावर मामा पाटी उतरवायला आले. भाचा झाडाखालीच बसला होता.

"लई दुखतंय का?"

"व्हय, मामा."

"माजा डोळा गेलाय, कान न्हाई. डावीकडं कोन पळतंय ते मी पावलांवरून वळखत हुतो. तुजी पावलं लंगडी न्हवती."

शांतवननं मान खाली घातली. "पाटी पुसायची न्हाई, तुमीच म्हनता."

मामांनी पाटी झाडावरून उतरवली. मग म्हणाले, "ट्रकबी मी तसाच चालवतो, शांतवन. कानानं."

सोमवारी ते आपणहून साहेबापुढं उभे राहिले. ट्रक गेला, गेटवर चौकीदारी मिळाली.

पुढच्या सामन्याला पाटी शांतवननं लिहिली. शलमोन हे नाव तीत नव्हतं. प्रार्थना झाली. आमेन म्हणून मामांनी खिशातून पाटी पुसायचं फडकं काढलं, घागरीत बुडवून पिळलं आणि पाटीशेजारच्या खिळ्याला टांगलं. त्या उन्हातही ते सामना संपेपर्यंत वाळलं नाही, असं सांगणारे भिंगारात अजून आहेत.