रविवारचं गाठोडं

सेक्रेटरी फोनवर "ताई, एक छोटासा बदल केलाय" असं म्हणाला, तेव्हाच तिच्या डोक्यात तिडीक गेली. छोटासा बदल करणाऱ्या माणसांना ती चांगलं ओळखून होती. कारखान्याच्या फुटबॉल संघाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती, आणि 'मी या संघाची चाहती कशी झाले' हा लेख तिनेच लिहावा म्हणून हाच गृहस्थ महिनाभर मागे लागला होता. लागणारच. प्रेक्षकांत तिच्याएवढी जोरात शिट्टी कोणी वाजवत नसे. मैदानावर तिला सगळे 'शिट्टी'च म्हणत.

"आईच्या धुण्याचं जरा लांबलंय, ते काढलं," सेक्रेटरी म्हणाला. "त्याऐवजी वडिलांचं बोट धरून तुम्ही पहिल्यांदा मैदानावर आलात, असं घातलंय. वाचायला बरं वाटतं."

"वडिलांनी मला मैदानावर कधी नेलंच नाही."

"अहो, पण लोकांना कुठे ठाऊक आहे?"

तिने फोन बंद केला, नाहीतर तोंडातून भलतंच काहीतरी गेलं असतं.

वडील कारखान्यात स्टोअरकीपर होते, जाऊन आता दहा वर्षं झाली. संघाच्या कपड्यांची जबाबदारी त्यांनी मोठ्या हौसेने अंगावर घेतली होती. म्हणजे आईच्या अंगावर टाकली होती. दर रविवारी संध्याकाळी ते न्हाणीघराच्या दारात भलंमोठं गाठोडं टाकायचे आणि चहा मागायचे. मॅचला जाताना धाकट्या भावाला न्यायचे. "मुलींचं तिथे काय काम?" हे तिने इतक्यांदा ऐकलं की पुढे तिने विचारणंच सोडून दिलं.

मग ती गाठोड्यातच मॅच बघायला लागली. आई स्टुलावर बसायची आणि ती एकेक शर्ट उलगडून आईच्या हातात द्यायची. गोलकीपरचं नुसतं डावं कोपर चिखलाने भरलेलं असलं की समजायचं, आज सगळे फटके त्या बाजूला आले. नऊ नंबरचा शर्ट घडी मोडली नसावी इतका स्वच्छ, म्हणजे स्वारी नुसती उभी होती. आणि पाच नंबर! गळ्यापासून खालपर्यंत माखलेला, एकदा तर खांद्याशी टरकन फाटलेला. त्या पाच नंबरवर तिचा जीव जडला. भाऊ जेवताना फुशारक्या मारायचा, नऊ नंबरने असं केलं नि तसं केलं. ती म्हणायची, "थापा मारू नकोस, त्याला साधा घामसुद्धा आला नाहीये." वडील घास हातात धरून तिच्याकडे बघत राहायचे, कारण ते खरं असायचं.

हे सगळं तिने लेखात लिहिलं होतं, आणि शेवटी असं की, या संघाची सगळ्यात निष्ठावान चाहती म्हणजे माझी आई. एकोणीस वर्षं अकराचे अकरा शर्ट घासणाऱ्या बाईला स्मरणिकेत एक ओळ मिळू नये? आणि गाठोडं टाकून चहा मागणाऱ्याचं बोट आपण धरायचं? तिच्या अंगाची लाहीलाही झाली. कागद उचलून ती तडक आईकडे गेली.

आई भाजी निवडत बसली होती. तिने उभ्या उभ्याच सगळा लेख मोठ्याने वाचून दाखवला आणि सेक्रेटरीचा उद्धार केला. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"निष्ठावान म्हणे!" आई म्हणाली. "बरं झालं त्याने काढलं. खोटं आहे ते."

"खोटं?"

"अगं, दर रविवारी मी देवाला हात जोडायचे, आज हरू देत मेले. हरले की स्पर्धेतून बाहेर, मग पुढचे रविवार माझे. जिंकून आले की पुढच्या रविवारी पुन्हा गाठोडं. त्या सोड्याने हातांना भेगा पडायच्या. मिठात बोट घातलं की डोळ्यांत पाणी. आणि तो तुझा पाच नंबर! त्याला घातल्या तेवढ्या शिव्या मी तुझ्या वडिलांनाही घातल्या नाहीत."

तिने हातातल्या कागदाची घडी घातली. लहानपणी त्याच रविवारी दुपारी ती खिडकीशी बसून जीव तोडून म्हणायची, जिंकू देत, जिंकू देत.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कोणाला बोलू? त्यांना? आणि तू तर दारात उभी राहून टाळ्या पिटायचीस. 'आई, बघ ना, आज केवढा चिखल!' असं वाटायचं, एक सणसणीत ठेवून द्यावी."

"मग द्यायचीस ना!" ती ओरडलीच.

"हात मोकळे कुठे होते?" आई म्हणाली आणि पुढची जुडी सोडायला लागली.

तिचा राग गेला नाही. सेक्रेटरीवरचा होता, वडिलांवरचा होता, पण आता सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचाच आला. तिने तिथूनच सेक्रेटरीला फोन लावला.

"लिहून घ्या. आमचा संघ हरावा म्हणून माझ्या आईने एकोणीस वर्षं देवाला हात जोडले, आणि मी तिच्यासमोर उभी राहून चिखलाला टाळ्या वाजवल्या. अशी झाले मी चाहती."

"ताई, हे स्मरणिकेत शोभत नाही हो."

"शोभतच नाही," ती म्हणाली. "तरी छापा. नाहीतर माझं नाव काढून टाका."