कर्ण सारखे असतील तर

सुताराने शेवटच्या बाकाचा सुटलेला पाय सरस लावून खाचेत बसवला, वरून क्लॅम्प आवळला आणि ओघळलेला सरस अंगठ्याने पुसून घेतला. हातोडी पिशवीतच होती. तास चालू असताना ठोकायचं नाही, अशी मुख्याध्यापिकेची अट होती. सरस आणि स्क्रू तासाला, खिळे मधल्या सुट्टीत. परीक्षा तोंडावर आलेली आणि दुसरी खोली रिकामी नव्हती. त्यामुळे नववी ‘ब’ची चौसष्ट मुलं पुढे सरकून मांडीला मांडी लावून बसली होती, आणि मागच्या दोन रांगांत एकटा सुतार.

फळ्यापाशी त्याची लेक गणित शिकवत होती.

सहा वर्षं ती या शाळेत होती. वह्यांचे गठ्ठे घरी यायचे, लाल शाईचे डाग चादरीला लागायचे, घसा बसला की गरम पाण्याच्या गुळण्या चालायच्या. पण शिकवताना त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. सुताराचं वर्गात काय काम? काम निघालं तेव्हा पहिल्याच दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, तर बायको म्हणाली,

“रंधा मारायला चाललात की मुलगी बघायला?”

“दोन्ही,” तो म्हणाला.

फाटकापाशी लेकीने त्याला थांबवलं होतं.

“बाबा, वर्गात मला बाई म्हणा हं.”

“म्हणेन की. आणि तू मला काय म्हणणार?”

तिने जरा विचार केला. “काहीच नाही,” ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

पहिले दोन दिवस त्याचे नुसते कौतुकात गेले. कंपास न घेता ती फळ्यावर वर्तुळ काढायची आणि ते खरंच वर्तुळ व्हायचं. रस्त्यावरून लॉरी गेली की ती बोलणं थांबवायची, आणि लॉरी गेल्यावर वाक्य नेमकं तिथूनच उचलायची. वर्तुळ काढणारा तो हात कुणाचा, ते त्याला ठाऊक होतं. त्याच्या आईचा. म्हातारी अशीच एका हाताने हवेत सगळं मांडून दाखवायची.

तिसऱ्या दिवशी मात्र त्याला माना दिसू लागल्या. मागे बसणाऱ्याला चेहरे दिसत नाहीत, माना दिसतात. “समजलं?” असं लेकीने विचारलं की “होऽऽ” असा एकच सूर उठायचा, पण त्या सुरात पहिल्या तीन रांगांच्या माना ताठ असायच्या आणि त्यांच्या मागच्या हळूहळू वहीत शिरायच्या. लेक बोलायची ती पहिल्या तीन रांगांशी. बाकीच्यांकडे तिची नजर जायची ती गडबड झाली तरच.

एक मुलगी होती, वर्गातली सगळ्यांत उंच. पोरं तिला शिडी म्हणायची. तिचे गुडघे बाकाखाली मावत नसत, म्हणून ती तिरकी बसायची, आणि तिरकी बसली म्हणून बोलणी खायची. सुताराने मधल्या सुट्टीत तिच्या बाकाखाली चार ठोकळे बसवून तो तीन इंच उचलला. दुपारच्या तासाला ती सरळ बसली, तिच्या स्वतःच्या ते लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी त्याने घरी सांगितलं तेव्हा लेकीने कपाळावर हात मारला. “जूनपासून मी तिला सरळ बस, सरळ बस म्हणतेय! मला कसं नाही दिसलं?”

“तू पुढे असतेस.”

ती लगेच आत गेली आणि एक कागद घेऊन आली. घटक चाचणीत अर्धा वर्ग नापास झाला होता. निकाल कमी का लागला, त्याची कारणं एका पानात लिहून द्या, असं मुख्याध्यापिकेने सांगितलं होतं. पटलं नाही तर पुढच्या सत्रापासून नववी दुसऱ्या शिक्षकांकडे जाणार होती. लेकीने लिहिलं होतं : विद्यार्थीसंख्या. रस्त्याचा आवाज. फळ्यावर दुपारी येणारी तिरीप. गणिताच्या दिवशी वाढती गैरहजेरी. त्याखाली तिने लिहिलं : बाकांची उंची.

“झालं?” त्याने विचारलं.

“एवढंच तर आहे. खोटं आहे का काही?”

खोटं काहीच नव्हतं. सुताराने कागद परत दिला.

चौथ्या दिवशी फळ्यावर समांतरभुज चौकोन होता. त्याचे दोन्ही कर्ण सारखे असतील तर तो आयत असतो, हे सिद्ध करायचं होतं. सुताराचे कान टवकारले. खिडकीची चौकट असो की दार, जोडून झालं की तो कोनाकोनीने दोरी धरायचा. दोन्ही बाजूंनी दोरी सारखी भरली की चौकट काटकोनात. त्याच्या गुरूने शिकवलेलं, गुरूला त्याच्या गुरूने. असं का, हे कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

लेकीने शिडीला फळ्यापाशी बोलावलं.

“हे दोन त्रिकोण एकरूप झाले. आता हे दोन कोन कसे?”

“सारखे,” शिडी म्हणाली.

“छान. आणि या दोघांची बेरीज किती?”

खडू शिडीच्या बोटांत फिरत राहिला. लेकीने घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं उरली होती आणि धडा अजून अर्धा.

“कालच सांगितलं होतं. समांतर रेषा, आंतरकोन... नाही? काहीच नाही?” ती म्हणाली. “जा, डोक्यातला भुसा झटकून ये, मग बोल.”

वर्ग खदखदून हसला. शिडीही हसली, आणि हसता हसता तिचा हात आपोआप केसांवर गेला.

सुताराच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तिथेच थांबला. ते वाक्य त्याचं होतं. शब्दन् शब्द.

लेक नऊ वर्षांची होती. ती त्याच्या कामाच्या शेडमध्ये टेपचं टोक धरून उभी होती आणि त्याने विचारलं होतं, एकोणचाळीस इंचाची फळी, तीन सारखे कप्पे, एक केवढा? तिला येईना. गिऱ्हाईक ताटकळत होतं. तेव्हा तो हेच म्हणाला होता. आणि पोर खरंच बाहेर गेली, अंगणात वाकून तिने दोन्ही हातांनी केस झटकले, मग बराच वेळ पाठमोरी उभी राहिली, आणि आत येऊन म्हणाली, तेरा. केवढं हसू झालं होतं! पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नकार्यात तो हा किस्सा रंगवून सांगायचा.

त्यात पोर पाठमोरी उभी होती, तो भाग त्याने कधी सांगितला नव्हता. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, म्हणून.

शिडी जागेवर जाऊन बसली. लेकीने स्वतःच उरलेली सिद्धता भराभर लिहिली आणि हाताचा खडू झटकला.

“समजलं सगळ्यांना?”

“होऽऽ.”

“मला नाही समजलं, बाई.”

चौसष्ट माना एकदम मागे वळल्या. सुतार गुडघ्यावर बसला होता, तो बाकाला धरून उभा राहिला.

“काय?” लेक म्हणाली.

“कोन सारखे झाले, इथपर्यंत आलो मी. पुढे ते काटकोन कुठून आले, ते काही कळलं नाही. परत सांगता का? जरा सावकाश.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण सुतार हसत नव्हता. डोळे बारीक करून तो खरोखरच फळ्याकडे बघत होता. हसणारा गप्प झाला. मग मधल्या रांगेतून एक हात वर आला. “बाई, मला पण नाही कळलं.” मग आणखी एक. मग खिडकीकडचे चार एकदम, आणि अगदी शेवटी, कोपरापर्यंतच वर झालेला, शिडीचा.

लेकीने वळून फळा पुसायला घेतला. तेवढासा फळा पुसायला तिला फार वेळ लागला. वर्गाकडे वळली तेव्हा तिने नवा खडू घेतला होता, आणि ती पहिल्या रांगेपाशी न थांबता मधल्या वाटेने चालत मागे आली.

“दोन समांतर रेषा आहेत,” ती म्हणाली. “इथपासून घेऊ. कुठे अडलं तर मला तिथेच थांबवायचं.”

तिला सात वेळा थांबवलं गेलं. धडा संपायच्या आत घंटा झाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा सुतार ओसरीत चहा घेत बसला होता. ती चप्पल न काढताच पायरीवर टेकली.

“ते बाबाबा काय होतं मधेच?” त्याने विचारलं. “बाबाबा कसोटी. मला वाटलं, मलाच हाक मारतेयस.”

“बाजू, बाजू, बाजू,” ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. मग हसू मावळलं. “बाबा, तो भुसा तुमचा होता ना? तुम्ही उभे राहिलात तेव्हा आठवलं मला. मी रोज म्हणते हो ते. गमतीत.”

“मीही गमतीतच म्हणायचो.” त्याने कप खाली ठेवला. “त्या दिवशी अंगणात एवढा वेळ काय करत होतीस?”

“उत्तर शोधत होते. सापडेना. मग आत येऊन अंदाजाने सांगितलं.”

“अंदाजाने? तेरा?”

“तेरा इंच लिहिलेला तुमचा तुकडा समोरच पडला होता.”

सुताराने मान खाली घातली. “चुकलंच माझं,” तो कपाला म्हणाला.

तिने हात लांब करून त्याच्या कॉलरवरची लाकडाची ढलपी काढली. “जाऊ द्या. पण आज त्या पोरीसाठी तुम्ही खोटं बोललात, ते मला फार आवडलं.”

“खोटं कुठे? मला खरंच नाही कळलं.”

“बाबा!”

“अगं, शपथ. चाळीस वर्षं दोरी धरतोय. आज म्हटलं, का ते तरी कळेल. तर तू काय गाडी पकडायची असल्यासारखी लिहीत सुटलीस.”

तिने चपला काढल्या, पर्समधून पेन्सिल काढली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला चौकोन काढला. आधी समांतर बाजू. मग कर्ण. मग दोन त्रिकोण वेगवेगळे, एक सरळ, एक उलटा. तो मधेच अडवायचा, ती मागे जायची. एक कोन म्हणजे किती, आणि दुसराही तेवढाच, आणि दोन्ही मिळून सरळ रेषा. एका क्षणी सुताराने मांडीवर थाप मारली.

“अर्ध्याला अर्धं! म्हणून काटकोन!”

“म्हणून काटकोन.”

“म्हणजे काय,” तो खुशीत मागे रेलून म्हणाला, “चार फळ्या कशाही असू देत. कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात. नेहमी. डोळे झाकून.”

हे चूक होतं. वरची फळी आखूड आणि खालची लांब असली, तरी कर्ण सारखे येऊ शकतात, आणि कोपरे मात्र तिरकेच राहतात. लेकीने तोंड उघडलं. घड्याळाकडे पाहिलं. मग तोंड मिटलं, पेन्सिल त्याच्या हातात दिली आणि वर्तमानपत्र त्याच्याकडे फिरवलं.

“कशाही?” ती म्हणाली. “बरं, काढा बघू.”

सुतार कागदावर वाकला. ती हनुवटीखाली हात घेऊन बसली. आतून तिच्या आईने जेवायला हाक मारली, मग आणखी एकदा मारली. दोघांपैकी कुणीही ओ दिली नाही.