कबुतरांसाठी टांगलेली सीडी

मी एक जुनी गेमची सीडी आहे. मित्रांनो, माझ्या मधल्या भोकाचा उपयोग मशीनमध्ये गरगर फिरण्यासाठी असतो. या घराने मात्र त्यातून सुतळी ओवली आणि कबुतरांना भिववायला मला गॅलरीत टांगलं. कबुतरं मला भीक घालत नव्हती. त्यातलं एक तर, मला बांधलं होतं त्याच वाळवणाच्या दोरीवर बसून तासन्‌तास घुमायचं.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेल्या प्लॅस्टिकवर साचा दाबला गेला, वर चंदेरी मुलामा चढला आणि माझ्या अंगावर नावाड्याचा खेळ उमटला. नदीच्या प्रत्येक धक्क्यावर थांबायचं, माणसं घ्यायची, पैलतीरी पोचवायची. आईने मला लेकीच्या वाढदिवसाला दुकानातून आणलं. "हा खेळ आता तुझा. नीट सांभाळ," ती म्हणाली. ते 'तुझा' मी अगदी खरं मानलं.

पण माझे खरे दोस्त निघाले आजोबा. त्यांनी जन्मभर बस चालवली होती. खेळातही ते एकाही प्रवाशाला मागे ठेवत नसत. त्यापायी वेळ संपायचा, डाव हातचा जायचा आणि नात कपाळावर हात मारून घ्यायची.

"आजोबा, सोडा ना त्या म्हातारीला!"

"हात दाखवलाय तिने. कशी सोडू?"

डाव संपला की ते मला सदऱ्याच्या मऊ टोकाने पुसून डबीत ठेवत. माझ्यावर साधा ओरखडा नव्हता.

मग बाबांनी नवं मशीन आणलं. त्याला माझ्यासाठी खाचच नव्हती. "महिन्याची वर्गणी भरायची, की शेकडो गेम हजर. तुमचा नावाडीपण आहे यात," बाबा ऐटीत म्हणाले. जुनं मशीन मामाकडे गेलं, माझी डबी कचऱ्यात गेली आणि मी गॅलरीत आले. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! मला ते फार लागलं.

पुढे आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांच्या हातातून नुसता घरंगळायचा. एकदा नातीने त्याच हातात कंट्रोलर दिला आणि नव्या मशीनवर नावाडी लावला. धक्क्यावरच्या म्हातारीने हात दाखवला आणि आजोबांचा अंगठा हलला. "हेच रोज करा," बाई म्हणाल्या. मी काचेतून बघत होते. जळले, खोटं कशाला बोलू? पण त्यांची बोटं रोज थोडी उघडताना पाहून बरंही वाटायचं.

एके दिवशी नावाडी यादीतून गायब झाला. बाबांनी कंपनीला फोन लावला.

"तो गेम काढलाय, सर. दुसरे पुष्कळ आहेत."

"अहो, मी दर महिन्याला पैसे भरतो. गेम माझा आहे."

"तुमचा नव्हता, सर. आम्ही ठेवू तोवर खेळायची मुभा होती."

"मग विकत द्या."

"आता तो विकतही मिळत नाही."

कंपनीने बाबांच्या तोंडाला पानं पुसली होती. घरच्यांनी दुसरे खेळ लावून पाहिले. आजोबा मान फिरवायचे. त्यांची बोटं पुन्हा मिटू लागली.

तेव्हा कुठे नातीला मी आठवले. तिने सुतळी कापली, मला साबणाच्या पाण्याने धुतलं आणि मामाकडून जुनं मशीन मागवलं. सगळे टीव्हीसमोर जमले. मी जिवाच्या आकांताने फिरले. नदी दिसली, नाव निघाली, पहिल्या धक्क्यावरची माणसं चढली. आजोबा हसले. दुसऱ्या धक्क्यावर म्हातारीने हात वर केला आणि चित्र थिजलं. गॅलरीच्या गजांवर आपटून माझं अंग जिथे खरवडलं होतं, नेमका तिथेच तो धक्का होता. पुन्हा लावलं, पुन्हा तिथेच अडलं.

मित्रांनो, दगा मला दिला आणि भोगलं आजोबांनी. नव्या वस्तू खुशाल वापरा. पण हातातलं टाकण्याआधी, नवं तुमच्या हातात राहणार आहे का, एवढं विचारून घ्या.

बाबा मशीन बंद करायला उठले. आजोबांनी मानेनेच नको म्हटलं. पडद्यावर म्हातारी हात वर करून तशीच उभी होती.

"थांबू या," ते अडखळत म्हणाले. "तिला सोडून कसं जायचं?"

आणि त्यांनी अंगठा बटणावर तसाच दाबून धरला.