गुडघ्याची कळ

मित्रांनो, मी फार जुनी नाही. अवघ्या नऊ वर्षांची पेडल स्टील गिटार आहे. पण एवढ्या वयात मी एक अशी भीती पाहिली, की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

तुम्ही पाहिलेल्या गिटारीसारखी मी गळ्यात अडकवायची नसते. मी टेबलासारखी चार पायांवर उभी असते आणि माझ्या पाठीवर दहा तारा ताणलेल्या असतात. वाजवणारी व्यक्ती समोर खुर्चीवर बसते, डाव्या हाताने पोलादाची गुळगुळीत कांडी तारांवरून सरकवते आणि उजव्या हाताने तारा छेडते. खाली पावलांसाठी पेडल असतात. शिवाय माझ्या पोटाखाली गुडघ्यांसाठी चार कळा लोंबतात. गुडघ्याने कळ बाजूला ढकलली, की आतली सळई तार ताणते किंवा सैल सोडते, आणि हात जागचा न हलवता कॉर्ड, म्हणजे स्वरमेळ, बदलते. उजवीकडची एक कळ माझी सर्वांत लाडकी. ती ढकलली की गंधार अर्धा स्वर उतरून कोमल होतो आणि हसती कॉर्ड बघता बघता उदास होते.

मला भिलाईत, खुर्सीपार वस्तीतल्या शालिकरामने घडवलं. त्याचं तिथे लेथ मशीनचं छोटं दुकान आहे. मला वाजवणारी वसुंधराताई भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये क्लार्क होती, वर्ध्याकडच्या घरातली. कॉलेजपासून हवाईयन गिटार वाजवायची. एकदा तिने मोबाइलवर पेडल स्टील पाहिली आणि चित्रं घेऊन थेट शालिकरामकडे गेली. त्याने असलं वाद्य जन्मात पाहिलं नव्हतं. आठ महिने लागले त्याला. कळा कुठे बसवायच्या, यासाठी ताईच्या गुडघ्यांचं माप हवं होतं, ते घ्यायला तो संकोचला. शेवटी ताईच्या मुलीने, कीर्तीने, टेपने माप घेऊन कागदावर लिहून दिलं.

तिथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा वाजले, तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं वाकून वाकून खाली बघत होती. हात तर शांत, मग सूर बदलतो कसा? ताई मनातल्या मनात हसत होती. पुढे बरीच वर्षं चांगली गेली. ताई निवृत्त झाली, आणि स्मृति नगरच्या घरात रोज दुपारी आम्ही दोघीच असायचो. कीर्ती भिलाई-३ ला रेल्वेत नोकरी करते. ती संध्याकाळी यायची.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर एका दुपारी गंधार उशिरा उतरला. अगदी पापणी लवेल एवढाच उशीर. ताई थांबली, पुन्हा वाजवलं. पुन्हा उशीर. तिला वाटलं, माझी सळई जाम झाली. मला मात्र कळत होतं. सात वर्षांत किती हजार वेळा त्या गुडघ्याने मला ढकललं असेल! तो ढकलण्याआधी आता थरथरत होता, आणि त्यात जोर नव्हता.

शालिकराम आला. त्याने तेल घातलं, स्प्रिंग सैल केली. दोन आठवडे निभलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने नुसत्या करंगळीने कळ ढकलून पाहिली. ती लोण्यासारखी सरकली. त्याने ती सोडली आणि ताईच्या गुडघ्याकडे पाहिलं.

मग म्हणाला, "ताई, मशीनमध्ये काही खराबी नाही. तुमचा गुडघाच उशिरा येऊन राहिला."

ताईने त्याला चहा दिला आणि विषय बदलला. पण तो गेल्यावर तिने माझ्यावर कापड टाकलं आणि चार दिवस काढलं नाही. ताईच्या आईचे पाय असेच हळूहळू गेले होते. ती अकरा वर्षं खाटेवर होती, आणि तिचं सगळं ताईनेच केलं होतं. त्या खाटेची भीती ताईच्या मनात घर करून होती. मित्रांनो, भ्यालेली माणसं कशी वागतात ते मी तेव्हा पाहिलं. ताई कीर्तीसमोर भिंतीला धरून चालायची आणि भिंत पुसत असल्यासारखं दाखवायची.

कळ गुडघ्याला नीट जाणवत नाही, म्हणून एक दिवस तिने कळेवरची रबरी टोपी काढून टाकली. आता उघडा पत्रा गुडघ्याला भिडत होता. त्या दुपारी ती हट्टाने दोन तास वाजवत बसली. पत्र्याची कड सलवारीतून आत रुतली. माझ्या कळेवर काहीतरी कोमट लागलं आणि ओघळू लागलं. ते रक्त होतं. ताई वाजवतच होती. तिला काही लागलं आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. मी लाकूड आणि धातूची, पण त्या क्षणी मी आतून गार पडले. मला हाक मारता येत नाही. मी नुसती वाजत राहिले.

कीर्ती आली तेव्हा फरशीवर थेंब पडले होते.

"आई, ये क्या है? तुझ्या गुडघ्यातून खून निघून राहिलं."

ताईने खाली पाहिलं. "मले तर काही लागलं नाही."

कीर्तीने जखमेशेजारी बोट दाबलं. "इथं दुखते?"

"नाही."

"कधीपासून असं आहे?"

"दिवाळीपासून."

"मले सांगितलं कावून नाही?"

ताईने ओढणीने जखम झाकली. मग म्हणाली, "तुझ्या आजीसारखी पडून राहीन, अन् तुले माझं करत बसावं लागंन, म्हणून."

दुसऱ्याच दिवशी कीर्ती तिला रायपूरला घेऊन गेली. पाठीच्या कण्यात एक गाठ होती आणि ती आतल्या मज्जारज्जूला दाबत होती. गाठ साधी होती, पण आणखी दोन-तीन महिने गेले असते तर दोन्ही पाय गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. गाठ ऑपरेशन करून काढली. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी बंद घरात कापडाखाली उभी होते. सव्वीस दिवस. मग एक दिवस दार उघडलं आणि माणसांनी माझ्याशेजारी एक खाट आणून ठेवली. तिचे पाय फरशीवर घासले, तो आवाज मी अजून विसरले नाही. मला वाटलं, संपलं सगळं.

पण ती खाट थोड्या दिवसांचीच होती. ताई आधी वॉकर धरून चालू लागली, मग काठीने. माझ्याकडे मात्र ती बघायचीसुद्धा नाही. एका दुपारी कीर्तीनेच कापड काढलं आणि तिला खुर्चीत बसवलं. डावा गुडघा ठीक चालला. उजव्याने तिने कळ ढकलली. हललीच नाही. तिसऱ्या वेळी जराशी हलली आणि मागे आली. ताईने दोन्ही तळवे माझ्या तारांवर ठेवले.

शालिकरामला बोलावलं. त्याने ती कळ काढली आणि डाव्या मांडीच्या वर आडवी बसवली, म्हणजे डावा गुडघा वर उचलला की गंधार उतरेल. मांडणी साधी, पण ताईचा मेंदू अजून उजव्या गुडघ्यालाच हुकूम सोडायचा. साठी ओलांडल्यावर ती पुन्हा विद्यार्थिनी झाली. तीन महिने मी रोज चुकीची वाजले, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

गेल्या आठवड्यात वाजवता वाजवता तिच्या डाव्या पावलाला मुंग्या आल्या. तिची कांडी तारेवरच थांबली.  पण तिने गाणं अर्धवट टाकलं, फोन उचलला आणि कीर्तीला सांगितलं. तपासणीत काही निघालं नाही. भीती मात्र आमच्या घरातून गेलेली नाही. ती आता त्या दोघी वाटून घेतात, एवढंच.

मित्रांनो, घरातलं एखादं यंत्र, एखादी सायकल, एखादं वाद्य अचानक चुकू लागलं, तर त्याला तेल जरूर घाला. पण ते वापरणाऱ्या माणसाकडेही एकदा नीट बघा. त्याला विचारा. त्याने विषय बदलला तर थोडा वेळ त्याच्यापाशी बसा आणि पुन्हा विचारा. मला बेसूर होण्यापलीकडे काही येत नाही. तुम्हाला विचारता येतं.