दर दहावं झाड

"अहो, ही राई तुमच्या काठीतून पडली," असं म्हणत सुरेखाबाईंनी तळहात ढुंढिराजांच्या नाकासमोर धरला.

ढुंढिराज पुणतांबेकर खिडकीत बसून पेपरातलं राशिभविष्य वाचत होते. रिटायर होऊन अडीच महिने झाले होते आणि दिवस कसा घालवायचा हे अजून त्यांना जमलेलं नव्हतं. त्यांनी चष्मा वर सारून पाहिलं. तळहातावर वाळलेल्या मातीचा एक खडा होता आणि त्याला चिकटलेले आठदहा गोल तपकिरी दाणे. आकार मोहरीचा, रंगही साधारण मोहरीचाच. माळ्यावरची टोपली ओढायला सुरेखाबाईंनी काठी घेतली होती, ती हातातून निसटली, फरशीवर आपटली आणि टोकाची लोखंडी टोपी निघून आली. टोपीच्या आत हे सगळं दडलेलं होतं.

"फोडणीत घालू नकोस," ढुंढिराज म्हणाले.

"मी कशाला घालू? मी विचारतेय, काठीत राई कशाला भरलीत?"

ती राई नव्हती. एकतीस वर्षं त्यांनी हे दाणे हाताळले होते. शहराबाहेरच्या शेती संशोधन केंद्रात ते भुईमुगाच्या रोगांचे फील्ड असिस्टंट होते. भुईमुगाच्या खोडाशी मातीलगत पांढरी, कापसासारखी बुरशी येते, झाड आतून कुजून माना टाकतं, आणि बुरशी जाताजाता हे दाणे मागे ठेवते. दाणे मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. त्यांना फक्त थोडी ओल, थोडी ऊब आणि जवळ एखादं झाड लागतं.

त्यांनी सुरेखाबाईंच्या हातातून दाणे घेतले, स्वयंपाकघरातून एक स्टीलची वाटी उचलली, तीत कुंडीतली माती भरली, ओली केली, चार कच्चे शेंगदाणे पेरले आणि वर ते दाणे ठेवून ताटली झाकली. वाटी गेली म्हणून सुरेखाबाई दोन दिवस कुरकुरल्या. काशीतल्या मुन्शी घाटामागच्या त्या गल्लीत एप्रिलमध्ये घरं अशी तापतात की वाटीला वेगळी ऊब द्यायची गरज नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी ढुंढिराजांनी ताटली उचलली. शेंगदाण्यांवर पांढरेशुभ्र धागे पंख्यासारखे पसरले होते.

त्यांना केंद्रावर निंदणी करणारी दुलारी आठवली. खरं तर ती चार दिवस आठवतच होती, पण धागे येईपर्यंत तिला लांब ठेवता येत होतं.

केंद्रावर भुईमुगाचे दोन तुकडे होते. एक रोगाचा. कुठला वाण तग धरतो ते बघायला त्यात खोडकूज मुद्दाम जोपासलेली असे. दुसरा बियाण्याचा, अगदी स्वच्छ. तिथलं बी आसपासच्या गावांना जायचं. दोन्हींच्या मध्ये चाळीस पावलांची पडीक जागा. खोडकूज वाऱ्यावर उडून जात नाही, तिला मातीबरोबर कोणीतरी न्यावं लागतं. एकदा आत पोचली की मात्र जमिनीला टेकलेल्या फांद्यांवरून, गळलेल्या पानांवरून ती एका झाडाकडून दुसऱ्याकडे सरकत राहते. म्हणून केंद्रावर नियम होते. रोगाच्या तुकड्यातली खुरपी लाल दांड्याची. फाटकाशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचं घमेलं, त्यात बूट बुडवल्याशिवाय आत पाऊल नाही. रोज आधी स्वच्छ तुकडा बघायचा, रोगाचा नंतर. हे नियम ढुंढिराजांनीच लिहिले होते आणि दर जूनमध्ये निंदणीच्या बायकांना ओळीत बसवून तेच मोठ्यानं वाचून दाखवायचे. वाचताना त्यांचा आवाज जरा चढायचा. बायका पदराआड हसायच्या, हे त्यांनाही ठाऊक होतं.

आणि काठी. काठी वडलांची. वडील दशाश्वमेध घाटावर यजमानांचे विधी करायचे. पूर ओसरला की घाटाच्या पायऱ्यांवर गाळ बसतो, तो किती निसरडा आहे हे ते या काठीनं टोचून बघायचे आणि मग यजमानांना खाली उतरवायचे. ढुंढिराजांचा उजवा गुडघा पन्नाशीतच बोलायला लागला, तेव्हा काठी शेतात आली. सरीतून चालायचं, मनात मोजायचं, दर दहाव्या झाडाशी थांबायचं, काठीनं पानं बाजूला सारायची, टोक खोडाशेजारी मातीत रोवायचं आणि तिच्यावर भार टाकून वाकून खोड बघायचं. त्यांच्याइतकं बारकाईनं कोणी बघत नाही, असं सगळे म्हणायचे. काठी ते रोज बाहेरून धुवायचे, फडक्यानं पुसायचे. टोपी काढून आत बघावं असं एकदाही सुचलं नाही. ज्या माणसानं नियम लिहिले, त्यानं नियमांत काठी लिहिली नाही.

त्यांनी कपाटातून आपली खिशातली डायरी काढली. मागच्या ऑगस्टची पानं. स्वच्छ तुकडा, तिसरी सरी: दहावं झाड, विसावं, चाळिसावं. पाचवी सरी: दहावं, तिसावं. पुढच्या आठवड्यात नववं आणि अकरावं. त्याच्या पुढच्या आठवड्यात आठवं आणि बारावं. तेव्हा त्यांनी स्वतःची समजूत घातली होती की आपण दहावंच झाड बघतो म्हणून रोग आधी दहाव्यात सापडतो. रोग जिथे जिथे सुरू झाला होता तिथे तिथे त्यांनी काठी रोवली होती. सगळं त्यांच्याच हस्ताक्षरात होतं, तारखेसकट.

सप्टेंबरात बियाण्याचा तुकडा उपटून जाळावा लागला. केंद्राचे प्रमुख डॉक्टर सुमंत यांनी सगळ्यांना फाटकाशी उभं केलं आणि विचारलं, की हे आत आलं कसं. ढुंढिराजांनी काही पाहिलेलं नव्हतं. पण आपल्या हातून काही होणं शक्य नाही, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं, की उरलेल्यांपैकी कोणीतरी असणारच. स्वच्छ तुकड्यात अकरा वर्षं एकटी दुलारी निंदत होती. "खुरपी बदल गई होगी," ते म्हणाले, "वहाँ दुलारी ही रहती है." एवढंच. ते आरोपासारखं म्हणालेही नव्हते, हिशेब सुटल्यासारखे म्हणाले होते. दुलारीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग हातातली खुरपी खाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर घेतलं नाही.

नोव्हेंबरात चौकीदारानं सांगितलं की गावात दुलारीला आता कोणीच निंदणीला बोलावत नाही, तिच्या हाताला कूज आहे म्हणतात. ढुंढिराजांनी तेव्हा 'लोक काय काय बोलतात' अशी मान हलवली होती. जानेवारीत निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, आणि साहेबांचं भाषण: एकतीस साल में एक भी चूक नहीं. त्या दिवशी छाती भरून आली होती. आता ती शाल त्यांना कपाटात बघवेना.

त्यांनी सुरेखाबाईंना सगळं सांगितलं. त्या हातातलं काम ठेवून खाली बसल्या.

"मग जाऊन सांगून टाका," त्या म्हणाल्या.

"आता सांगून काय उपयोग?"

"तुम्हाला नसेल. तिला असेल."

डॉक्टर सुमंतांनी फोनवर शांतपणे ऐकून घेतलं आणि फाइल कधीच बंद झाल्याचं सांगितलं. रिपोर्ट वरती गेला आहे, आता उकरून कोणाचं भलं होणार, आपण सन्मानानं रिटायर झालात, गंगास्नान करा, आराम करा. बोलण्यात वाईट काही नव्हतं. ढुंढिराजांनी तरी हिंदीत एक पानी अर्ज लिहिला, डायरीतल्या त्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या, केंद्राच्या ऑफिसात जाऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोचल्याचा शिक्का मारून घेतला. शिक्का मारणाऱ्या क्लार्कनं अर्ज वाचला आणि मान वर न करता प्रत परत दिली.

तिथून ते दुलारीच्या गावाला गेले. केंद्राच्या कुंपणापलीकडेच गाव. त्यांनी काठी रात्रभर ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवून ठेवली होती, टोपी फेकून दिली होती. गुडघ्यासाठी काठी तर लागणारच होती.

दुलारीच्या घरामागे जमिनीची एक चिंचोळी पट्टी होती. बटाटे काढून तिनं उन्हाळी भुईमूग लावला होता. झाडं वीतभर, हिरवीगार, एकही मान टाकलेलं नाही. ती उकिडवी बसून निंदत होती. बांधावर एक गंजलेलं घमेलं होतं आणि त्यातून ब्लीचिंगचा तोच ओळखीचा वास येत होता. इथे कोण बघणार होतं? तरी घमेलं होतं.

ती उठली, पदर डोक्यावर ओढला. पण तिची नजर काठीवर होती.

"टोपी कहाँ गइल, बाबू?"

त्यांनी सांगितलं. मोहरीसारखे दाणे, वाटी, धागे, दहावं झाड. ती ऐकत होती.

"हमके पता रहल," ती म्हणाली.

पाऊस झाला की फाटकाजवळच्या दगडावर बाबू काठी आपटायचे, तेव्हा टोपीतून माती गळायची. ती दर वेळी बघत होती. घमेल्यात खुरपी बुडते, पाय बुडतात, काठी बुडत नाही, हेही बघत होती.

"तब बोली क्यों नहीं?"

"बोलतीं त के मानत, बाबू? नियम त आपे पढ़त रहलीं."

खरंच होतं, नियम वाचून दाखवणारे तेच, मग तिचं कोणी मानलं असतं? तिनं दोष देणारं एखादं वाक्य टाकलं असतं, तर ते झेलायची तयारी करून ढुंढिराज आले होते. त्यांनी खिशातून शिक्का मारलेली प्रत काढली आणि तिच्यासमोर धरली. तिला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवा, म्हणाली. ते उभ्याउभ्या वाचू लागले. दर जूनमध्ये चढणारा आवाज आज वर येत नव्हता. दुलारीनं शेजारच्या दोन बायकांना हाक मारून बोलावलं आणि ढुंढिराजांना पुन्हा पहिल्यापासून वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं. "गलती मेरी थी. दुलारी देवी का इसमें कोई दोष नहीं था." तेवढी ओळ तिनं आणखी एकदा वाचून घेतली.

मग तिनं कागदाची नीट चौघडी केली आणि ती पदराच्या टोकाला गाठीत बांधली. शेजारणी निघून गेल्या. केंद्रावर परत घ्यायला सांगू का, असं ढुंढिराजांनी विचारलं. तिनं मान हलवून नाही म्हटलं. गावातली माणसं बोलवू लागली की पुरे, म्हणाली.

झाडं जवळून बघावीत असं त्यांना फार वाटत होतं. बांधावर काठी टेकून त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, आणि नकळत मनात मोजायला सुरुवात झाली: एक, दोन, तीन. दुलारी घमेल्याशेजारी उभी होती. तिनं अडवलं नाही, या असंही म्हटलं नाही. त्यांनी पाऊल मागे घेतलं.

"चलता हूँ," ते म्हणाले.

"अच्छा, बाबू."

पायवाटेच्या वळणावर पोचल्यावर गुडघा भरून आला म्हणून ते थांबले आणि मागे वळून पाहिलं. दुलारीनं घमेलं दोन्ही हातांनी उचललं होतं. बांधावर जिथे त्यांनी काठी टेकली होती, बरोबर तिथे, ती सावकाश पाणी ओतत होती.