काचेपलीकडचा कॅप्टन

“घाबरू नका गड्यांनो, आपलं घर अजून दिसतंय!”

यानावर उल्का चालून आली की कॅप्टन असं बोलायचा आणि लहानग्या योहानच्या अंगावर काटा यायचा. आवाज मात्र कॅप्टनचा नसे, त्याच्या थोरल्या बहिणीचा, मर्सीताईचा असे. शिरूरच्या मिशन कंपाउंडमागं एका डॉक्टरांचा बंगला होता. रविवारी उपासना सुटली की कंपाउंडातली पोरं त्या बंगल्याच्या खिडकीला लोंबकळत. काच बंद, आत रंगीत टीव्ही, टीव्हीत ‘नक्षत्रयान’ मालिका. ताई काचेला कान लावायची आणि आतलं हिंदी मराठीत करून सांगायची. जात्यातून पीठ झरावं तशी, न थांबता.

तीच ताई आता मनातलं बोलत नव्हती.

नवरा गेला, मुलगा जोनाथन बायकोला घेऊन नाशकाला गेला, आणि दौंडच्या घरात ती एकटी उरली. हल्ली दर रविवारी शिरूरला योहानकडं येई, संध्याकाळच्या एसटीनं परत जाई. या खेपेला बॅग मोठी होती. तिला इथंच राहायचंय हे योहानला दिसत होतं, त्याच्या बायकोला, दयालाही दिसत होतं. पण माहेरी आलेल्या बाईनं आपल्या तोंडानं कसं म्हणावं? आणि नाताळात योहाननं ‘राहा’ म्हटलं, तर ताई फणकारली होती, “मी काय उघड्यावर पडलेय व्हय?” म्हणून बॅग दारातच होती, चपलांशेजारी.

जेवणं झाल्यावर योहाननं यूट्यूबवर ‘नक्षत्रयान’ लावलं. तो रांजणगावच्या कंपनीत क्वालिटीला होता. केसाएवढी चीर दिसली तरी माल परत पाठवायचा.

“हे बघ, परग्रहावर बाभूळ! आन् खाली लेंड्या.”

“शेळ्या म्होरं गेल्या असतील,” ताई म्हणाली.

“यानाचं दार म्हंजी आपलं लोखंडी कपाट. आन् कॅप्टनचे केस उडत्यात. अंतराळात खिडकी उघडी हाय व्हय?”

“ह्यांना पोहे दिले तरी आधी तपासत्यात,” दया स्वयंपाकघरातून म्हणाली. “बघा की जरा सुखानं!”

इतक्यात उल्का आली. चांदीचा कागद गुंडाळलेला बटाटाच तो. योहान सरसावून बसला. कॅप्टननं तोंड उघडलं.

“ईंधन कम है. दफ्तर में बता दो.”

योहाननं मागं नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा दफ्तरच.

“ताई, त्यो घराचं बोलायचा ते कुठं गेलं?”

“कापलं असंल.”

“कापलं कसं? तोंड तर दोनदाच हललं!” त्याचा आवाज चढला. “होस्टेलात रडू आलं की मी त्या वाक्यावर दिवस काढलेत गं!”

ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “अरे, काच केवढी जाड होती! मला डॉक्टरांच्या कुत्र्याबिगर काय सुदिक ऐकू येत नव्हतं. तुम्ही पोरं माझ्या तोंडाकडं बघायचा. मग सुचंल ते बोलायचे.”

योहान खो खो हसला. आयुष्यात एवढा एकच माल त्यानं न तपासता पास केला होता. आणि तोच तेवढा टिकला होता.

“कॅप्टनच्या तोंडात घातलंस, राक्षसाच्या तोंडात घातलंस,” तो म्हणाला. “आन् सोताच्या तोंडात काय, मूग?”

ताई उठली. “येते मी. एसटी चुकंल.”

दया चहाचे कप घेऊन तशीच उभी राहिली. या वेळी ‘राहा’ कुणीच म्हटलं नाही. ताईनं चपला घातल्या, बॅगेला हात घातला. बॅग काही उचलली नाही.

“योहान,” ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, “त्या घरात कुकरची शिट्टी झाली, तर मीच मला मोठ्यानं सांगते, ऊठ मर्सी, गॅस बंद कर. मला न्हाई जायचं दौंडला. मला हितं ऱ्हायचंय, तुमच्यात.”