डेलियाआजींची दोन कडवी

आमच्या कॅरारो गावच्या सभागृहात कॉलमनने भरवलेल्या मैफिलीचं रेकॉर्डिंग होतं. पाहुण्या गायिका आमच्या डेलियाआजी. आमच्याकडे गाणं रंगलं की ऐकणारे मध्येच ‘शाब्बास पोरी!’ म्हणून ओरडतात, पोरीचं वय काहीही असो. पण कॉलमनने बजावलं होतं, ‘कुणी खोकलात तरी बाहेर काढीन.’ आम्ही आज्ञाधारकपणे मुके बसलो.

दोन कडव्यांनंतर आजी थांबल्या. ‘आवडत नसेल तर राहू दे बाबा,’ म्हणत मंचावरून उतरल्या.

‘अगं आजी, रेकॉर्डिंगसाठी गप्प होते सगळे!’ कॉलमन मागे धावला.

‘माझ्या नवऱ्याच्या मयताला याहून जास्त बोलले होते लोक.’

पुढे त्या चर्चमध्येही फक्त ओठ हलवत. उरलेली कडवी त्यांच्याशिवाय कुणालाच येत नव्हती. रेकॉर्डिंग मात्र अगदी स्वच्छ आलंय.